राष्ट्रीय शेअर बाजार : मोंढ्यावरून समजून घेताना

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ज्या ठिकाणी गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात प्रवेश करतो, त्या ठिकाणी नदीच्या उत्तर तीरावर शहागड वसलेले आहे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव. पलीकडच्या तीरावर गेवराई तालुका आणि त्या तालुक्यात राक्षसभुवन. १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, ते हेच राक्षसभुवन. आज या पट्ट्याची ओळख लढायांपेक्षा पिकांनी होते. कापूस, ऊस, तूर, सोयाबीन आणि मोसंबी ही येथील शेतकऱ्याच्या हाती पैसा देणारी पिके होत.

हंगाम आटोपला, खताची आणि बियाण्याची उधारी फिटली, सोसायटीचे कर्ज भागले, की मागे जे काही उरते ते ठेवावे कोठे, हा प्रश्न जुनाच आहे. त्याची उत्तरेही ठरलेली होती : सोने, जमीन, टपाल खात्याची बचत योजना, बँकेतील मुदत ठेव अथवा गावातील पतसंस्था. यांपैकी शेवटच्या उत्तराविषयी २०२३-२४ च्या सुमारास बीड आणि त्याच्या आसपासच्या भागात काही मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्यापासून लोकांच्या मनात धास्ती निर्माण झाली आहे. त्याच काळात मोबाइलच्या पडद्यावर एक नवे उत्तर येऊन उभे राहिले आहे. ते म्हणजे शेअर बाजार. राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदणी झालेल्या गुंतवणूकदारांच्या संख्येने ऑगस्ट २०२४ मध्ये १० कोटींचा टप्पा ओलांडला आणि राज्यवार गणनेत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागला. ज्या बाजारात एवढ्या लोकांची पुंजी आली आहे, तो बाजार चालतो कसा, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

कापसाने घडविलेला बाजार

शेअर बाजार ही सर्वस्वी मुंबईची, शहरी वस्तू आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. मुंबईच्या शेअर बाजाराला पहिले मोठे भरते आले ते कापसामुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या जागेत, वडाच्या झाडाखाली, काही मोजके दलाल जमत आणि बँकांच्या व कंपन्यांच्या भागांचे सौदे करीत. भाग म्हणजे कंपनीच्या मालकीतील हिस्सा. एका माणसाच्या थैलीत मावणार नाही एवढे भांडवल लागणारे उद्योग तेव्हा नुकतेच सुरू होत होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत नाना शंकरशेट यांनी पुढाकार घेतला, तेव्हा हा 'हिस्सा' नावाचा प्रकार मुंबईकरांच्या परिचयाचा झाला होता.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांतून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला. लँकेशायरच्या मागांना कापूस हवा होता आणि तो देऊ शकेल असा मोठा प्रदेश हिंदुस्थानात होता. खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि दख्खनच्या काळ्या जमिनीतील कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला. हा पैसा मुंबईत साठला. त्यातील काही गोद्या आणि गिरण्या उभारण्याकडे वळला. परंतु बराचसा समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या योजना, नव्या बँका आणि केवळ कागदावर जन्मलेल्या कंपन्या यांच्या भागांत गेला. बॅक बे भरणी कंपनीचा भाग मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने विकला जाऊ लागला. त्या तेजीचे सूत्रधार म्हणून प्रेमचंद रायचंद यांचे नाव घेतले जाते. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला आणि तो त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ओळखला जातो.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात येणार, हे कळताच भाव गडगडले. १ जुलै १८६५ हा बहुतेक वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी देणेकऱ्यांकडे द्यावयास पैसे नव्हते. एकाने हात वर केले म्हणून दुसऱ्याला करावे लागले. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा भाग पुढे ८७ रुपयांना विकला गेल्याची नोंद आहे. ती बँकही काही वर्षांतच गुंडाळावी लागली.

कोसळलेल्या भावाची झळ मुंबईपुरती राहिली नाही. कापसाच्या तेजीत सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव उतरल्यावर पतही आटली, मात्र कर्ज आणि वाढीव शेतसारा तसाच राहिला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या उठावामागे अभ्यासक जी कारणे सांगतात, त्यांपैकी हे एक होय. योगायोग असा, की त्याच वर्षी, जुलै १८७५ मध्ये, मुंबईच्या दलालांनी आपली संघटना रीतसर स्थापन केली. 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' असे तिचे नाव होते. ३१८ जण सभासद झाले आणि प्रवेश फी होती एक रुपया. कापसाचे वायदे करणाऱ्या व्यापाऱ्यांची बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनही त्याच साली निघाली. एकाच पांढऱ्या बोंडाने एकीकडे कर्जाच्या वह्या पेटविल्या आणि दुसरीकडे दोन बाजारांना नियमांची चौकट दिली, असे म्हणता येईल.

दलाल स्ट्रीटचे राज्य

यानंतरची शंभर वर्षे थोडक्यात सांगता येतील. दलालांची ती संघटना हाच मुंबईचा शेअर बाजार झाला आणि ज्या रस्त्यावर तो भरे त्याला दलाल स्ट्रीट हे नाव पडले. अहमदाबाद, कलकत्ता, मद्रास येथे असेच बाजार निघाले. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५६ मध्ये रोखे करार (नियमन) अधिनियम संमत केला आणि त्याखाली १९५७ मध्ये मुंबईच्या बाजाराला सरकारी मान्यता मिळाली. महाराष्ट्रात पुण्याचा स्वतंत्र शेअर बाजार १९८२ मध्ये सुरू झाला. १९८६ च्या प्रारंभी मुंबई बाजाराने ३० कंपन्यांचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. तोच सेन्सेक्स.

या व्यवस्थेत एक मूलभूत दोष होता. बाजार दलालांच्या मालकीचा होता, त्याचे नियम दलालच करीत आणि त्या नियमांचे पालन होते की नाही हेही दलालच पाहत. सौदे बाजाराच्या भव्य दालनात ओरडून आणि हातवारे करून होत. दालनात ज्याला प्रवेश होता त्याला भाव कळे. बाहेरच्याला दलाल सांगेल तो भाव. अंबड किंवा गेवराईच्या एखाद्या शिक्षकाने शेअर घ्यावयाचे ठरविले, तर त्याला जिल्ह्याच्या ठिकाणचा मध्यस्थ, त्याचा मुंबईतील दलाल, टपालाने येणारे प्रमाणपत्र आणि मग कंपनीकडे नावावर करण्यासाठी पाठविलेला अर्ज, एवढी वाट चालावी लागे. सहीत फरक पडला म्हणून प्रमाणपत्र परत येणे ही नित्याची गोष्ट होती. टपालात हरवणे, बनावट निघणे, हेही घडे. खरेदी केलेला भाव खरा होता का, हे पडताळून पाहण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता.

सौद्याची पूर्तता पंधरवड्याने होई आणि 'बदला' नावाच्या पद्धतीने ती पुढच्या पंधरवड्यावर ढकलताही येई. पैसे न देता खरेदी आणि माल नसता विक्री, अशी मुभा मिळाली की सट्ट्याला मर्यादा राहत नाही. १९९२ च्या एप्रिलमध्ये बँकांच्या रोखे व्यवहारांतील गैरप्रकार उघडकीस आला. बँक पावत्यांच्या आधारे बँकांचा पैसा शेअर बाजारात वळविला गेला होता आणि त्यावर भाव चढविले गेले होते. हर्षद मेहता हे नाव त्यामुळे घराघरांत पोहोचले. तेजीच्या शेवटच्या टप्प्यात, वर्तमानपत्रे वाचून, आपली पुंजी घेऊन बाजारात शिरलेली असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे तोट्यात गेली. नफा घेऊन बाहेर पडलेल्यांची नावे मात्र फारशी कोणाच्या लक्षात नाहीत.

नवी संस्था, नवा पाया

राष्ट्रीय शेअर बाजाराची कल्पना या प्रकरणाआधीची आहे. एम. जे. फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९१ मध्येच, देशभर पसरलेला एक आदर्श शेअर बाजार नवी मुंबईत स्थापन करावा, अशी शिफारस केली होती. १९९२ च्या घोटाळ्याने तिला निकड प्राप्त करून दिली. त्याच वर्षी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाला, म्हणजे सेबीला, कायद्याने अधिकार मिळाले. नोव्हेंबर १९९२ मध्ये नव्या बाजाराची कंपनी म्हणून नोंदणी झाली आणि एप्रिल १९९३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. भारतीय औद्योगिक विकास बँक, आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक आदी वित्तसंस्था त्याच्या प्रवर्तक होत्या. पहिले व्यवस्थापकीय संचालक डॉ. आर. एच. पाटील हे होते. दलाल येथे सौदे करू शकत होते, बाजाराचे मालक मात्र नव्हते. या संस्थेचे वेगळेपण प्रथमतः येथे आहे. यंत्रांचे महत्त्व त्यानंतर येते.

जून १९९४ मध्ये कर्जरोख्यांचा आणि ३ नोव्हेंबर १९९४ रोजी शेअरांचा व्यवहार सुरू झाला. सौद्यांसाठी दालन नव्हतेच. प्रत्येक दलालाच्या कचेरीत संगणक आणि छपरावर उपग्रहाशी जोडणारी तबकडी, अशी रचना होती. देशातील दूरध्वनी सेवेची तेव्हाची अवस्था पाहता, तारांवर विसंबण्यापेक्षा आकाशातून संदेश पाठविण्याचा निर्णय दूरदृष्टीचा ठरला. शहराची सीमा त्यामुळे गळून पडली. नागपूर, कोल्हापूर किंवा औरंगाबाद येथील पडद्यावर तोच भाव त्याच क्षणी दिसू लागला, जो मुंबईत दिसत होता. वर्षभरातच या बाजाराची उलाढाल मुंबईच्या जुन्या बाजाराहून अधिक झाली. जुन्या बाजारानेही मार्च १९९५ मध्ये संगणक स्वीकारले आणि ओरडण्याचे दालन शांत झाले.

प्रादेशिक बाजारांना मात्र याची जबर किंमत मोजावी लागली. सर्वत्र एकच भाव दिसू लागल्यावर पुण्याच्या भावाला वेगळे प्रयोजन उरले नाही. सेबीने २०१२ मध्ये आखलेल्या धोरणानुसार असे बाजार एकामागोमाग बंद झाले. पुण्याचा बाजार २०१५ मध्ये मिटला. मुंबईचा जुना बाजार टिकून आहे. २००५ मध्ये त्याचे कंपनीत रूपांतर झाले आणि २०१७ मध्ये त्याचे स्वतःचे शेअर राष्ट्रीय बाजारात विक्रीस आले. कोणत्याही बाजाराला आपले शेअर आपल्याच बाजारात नोंदविता येत नाहीत; प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात त्यांची किंमत रोज ठरते, ही गंमतीची गोष्ट.

लिलाव, पण दोन्ही बाजूंनी

मोंढ्यात शेतमालाचा लिलाव ज्याने पाहिला आहे, त्याला शेअर बाजाराचे अंतरंग समजण्यास वेळ लागू नये. मोंढ्यात ढीग एकाचा असतो, त्याभोवती खरेदीदार जमतात, बोली चढत जाते आणि सर्वाधिक बोलीवर माल सुटतो. शेअर बाजारात एकाच कंपनीचे शेअर असंख्य लोक विकू पाहतात आणि असंख्य लोक घेऊ पाहतात. शिवाय कापसात ओलावा, तुरीत दाणा पाहावा लागतो, तसे येथे नाही. एका कंपनीचा एक शेअर दुसऱ्या शेअरसारखाच. त्यामुळे माल पाहण्याचे कारण उरत नाही आणि बोली दोन्ही बाजूंनी एकाच वेळी लागू शकते.

समजा, एका कंपनीच्या शेअरसाठी सर्वांत वरची खरेदीची बोली ४१२ रुपये आहे आणि विक्रीची सर्वांत खालची मागणी ४१२ रुपये २० पैसे आहे. दोघांत अंतर असल्याने सौदा होत नाही. इतक्यात शहागडहून एकाने मोबाइलवरून २० शेअरांची मागणी नोंदविली आणि भाव लिहिला ४१२ रुपये १० पैसे. मागणी प्रथम त्याच्या दलालाच्या संगणकाकडे जाते. खात्यात पुरेसे पैसे आहेत का, हे तेथे तपासले जाते आणि मग ती बाजाराच्या मध्यवर्ती संगणकात पोहोचते. ४१२ रुपयांवाला खरेदीदार आधी आलेला असला, तरी आता शहागडचा ग्राहक रांगेत त्याच्या पुढे उभा राहतो, कारण त्याचा भाव चढा आहे. भाव समान असेल तर आधी येणाऱ्याचा मान. भाव प्रथम, वेळ नंतर, हा या बाजाराचा एकमेव क्रम होय. २० शेअर घेणारा आणि २० लाख शेअर घेणारा यांच्यात रांग भेद करीत नाही. क्षणभराने कोणी कोचीहून ४१२ रुपये १० पैशांना विकण्यास तयार झाला, की सौदा जुळतो. कोचीच्या विक्रेत्याला शहागड कोठे आहे हे ठाऊक नसते आणि तसे ठाऊक असण्याची गरजही नसते.

हे सर्व कामाच्या दिवशी सकाळी ९ वाजून १५ मिनिटे ते दुपारी ३ वाजून ३० मिनिटे या वेळेत चालते. त्याआधी काही मिनिटे दिवसाचा पहिला भाव ठरविण्यासाठी स्वतंत्र ठेवलेली असतात.

हमी कशाची ?

मोंढ्यातील शेतकऱ्याची खरी भीती भाव पडण्याचीच असते असे नाही. माल उचलून नेलेला व्यापारी पैसे बुडवील, ही भीती तितकीच खरी आहे. १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा ज्या अनेक कारणांसाठी करण्यात आला, त्यांत हेही एक होते. शेअर बाजारात तर घेणारा आणि देणारा एकमेकांना पाहतही नाहीत. मग विश्वास कोणावर ठेवायचा ?

याचे उत्तर म्हणून बाजाराने समाशोधन महामंडळ नावाची स्वतंत्र संस्था १९९५ मध्ये स्थापन केली. तिचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. सौदा जुळताच ही संस्था मधोमध उभी राहते. प्रत्येक विक्रेत्यासाठी ती खरेदीदार होते आणि प्रत्येक खरेदीदारासाठी विक्रेता. एका बाजूने हात वर केले, तरी दुसऱ्या बाजूचे येणे बुडत नाही. विक्रेत्याने शेअर दिलेच नाहीत, तर लिलावाद्वारे ते बाजारातून विकत घेऊन खरेदीदाराला दिले जातात आणि खर्च चुकणाऱ्याच्या माथी पडतो. यासाठी दलालांकडून आगाऊ अनामत रक्कम घेतली जाते आणि वेगळा हमी निधीही राखला जातो. १ जुलै १८६५ रोजी जे घडले, त्याच्यावरचा हा उतारा आहे. तो सापडायला १३० वर्षे लागली.

परंतु येथे एक भेद नीट ध्यानात ठेवावयास हवा. शेतकऱ्याच्या कानाला 'हमी' या शब्दाबरोबर 'भाव' हा शब्द सवयीने ऐकू येतो. शेअर बाजारात हमी आहे ती सौदा पुरा होण्याची. घेतलेला शेअर उद्या निम्म्या भावाचा झाला, तर त्याची जबाबदारी कोणीही घेत नाही, बाजार नाही आणि सेबीही नाही.

प्रमाणपत्रांचा जाच १९९६ च्या निक्षेपागार कायद्याने संपविला. शेअर आता कागदावर नसून खात्यात असतात. या खात्याला 'डीमॅट' म्हणतात. राष्ट्रीय प्रतिभूती निक्षेपागार १९९६ मध्ये आणि दुसरा, केंद्रीय निक्षेपागार, १९९९ मध्ये सुरू झाला. बँकेत जसे पैसे, तसे यांच्याकडे शेअर. त्यामुळे पूर्ततेची मुदत झपाट्याने कमी होत गेली. पंधरवडे गेले, २००१ मध्ये बदला पद्धत बंद झाली, सौद्यानंतर पाच दिवस, मग तीन, मग २००३ पासून दोन दिवस आणि जानेवारी २०२३ अखेर सर्व शेअरांसाठी एक दिवस. सोमवारी विकलेल्या शेअरचे पैसे मंगळवारी विक्रेत्याच्या हिशेबी जमा होतात. मोंढ्यातल्या पट्टीप्रमाणेच प्रत्येक सौद्याची पावती दलालाने ग्राहकास द्यावी लागते. तिच्यावर भाव, वेळ, दलाली आणि कर यांचा तपशील असतो. बहुसंख्य ग्राहक ती उघडूनही पाहत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

पन्नास कंपन्यांची नाडी

बातम्यांतून रोज ऐकू येणारा 'निफ्टी' हा राष्ट्रीय बाजाराचा निर्देशांक. एप्रिल १९९६ मध्ये तो सुरू झाला. ३ नोव्हेंबर १९९५ या दिवसाची पातळी १,००० धरून ५० मोठ्या कंपन्यांच्या एकत्रित बाजारमूल्यात किती चढ-उतार झाला, ते तो सांगतो. ज्या कंपनीचे बाजारात फिरणारे भांडवल मोठे, तिचे वजन अधिक. म्हणून निर्देशांक वर गेला याचा अर्थ आपल्या हातातील शेअर वर गेला असा होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये निफ्टीने २५,००० ची पातळी प्रथम ओलांडली. हा आकडा सांगताना २३ मार्च २०२० हा दिवसही सांगितला पाहिजे. करोनाच्या भीतीने त्या एका दिवसात निर्देशांक सुमारे १३ टक्के घसरला आणि ७,६१० वर थांबला. घसरण १० टक्क्यांवर पोहोचताच नियमानुसार सर्व व्यवहार ४५ मिनिटे बंद ठेवण्यात आले होते. घाबरलेल्या गर्दीला विचार करण्यास थोडा अवधी मिळावा, एवढाच त्या विरामाचा हेतू.

यंत्रेही थांबतात. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दळणवळणातील बिघाडामुळे राष्ट्रीय बाजाराचे काम दुपारपूर्वीच बंद पडले, ते पावणेचारला सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार सायंकाळी पाचपर्यंत चालवावा लागला.

इसार आणि वायदा

जून २००० मध्ये राष्ट्रीय बाजारात निर्देशांकाचे वायदे सुरू झाले आणि पुढे 'ऑप्शन' आले. आज गावोगावच्या तरुणांत सर्वाधिक चर्चा याच व्यवहारांची असते आणि सर्वाधिक नुकसानही यातच होते.

मोसंबीची बाग झाडावरच ठोक भावाने व्यापाऱ्यास देण्याची रीत जालना जिल्ह्यात जुनी आहे. फळ पुढे उतरणार, भाव आज ठरला. वायद्याचे मूळ असेच आहे. ऑप्शन म्हणजे इसार. जमिनीचा सौदा ठरवून इसार दिला. मुदतीत भाव वाढला तर सौदा पुरा करायचा, पडला तर इसारावर पाणी सोडायचे. ज्याला खरोखर धोका टाळावयाचा आहे, त्याला या साधनांचा उपयोग आहे. ज्याच्याकडे बाग नाही आणि जमीनही घ्यावयाची नाही, त्याने नुसते इसार देत राहणे म्हणजे पैज लावणे होय. तेही आठवड्याच्या मुदतीचे इसार.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील आकडे या बाबतीत पुरेसे बोलके आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे-ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. तोट्यात गेलेल्यांचे नुकसान खर्चासह माणशी सरासरी २ लाख रुपयांच्या घरात होते आणि सर्व व्यक्तींचे मिळून ते १ लाख ८० हजार कोटी रुपयांपेक्षा अधिक भरले. अशा व्यक्तींपैकी ७२ टक्क्यांहून अधिक देशातील पहिल्या ३० शहरांच्या बाहेरच्या होत्या. तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. नफा गेला तो प्रामुख्याने स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या मोठ्या संस्था आणि विदेशी गुंतवणूकदार यांच्याकडे. त्यांचे सौदे माणसे नव्हे तर संगणक करतात. या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२४ पासून एका सौद्याचा किमान आकार १५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आला आणि आठवड्याच्या मुदतीचे निर्देशांक-सौदे प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते मर्यादित करण्यात आले.

शेतमालाच्या वायद्यांचा बाजार यापासून वेगळा आहे. त्याचे नियमनही २०१५ पासून सेबीकडे आले. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू आदी शेतमालांचे वायदे स्थगित करण्यात आले आणि त्या स्थगितीला पुढे अनेकदा मुदतवाढ देण्यात आली. तिच्या परिणामांविषयी शेतकरी संघटनांत आणि व्यापाऱ्यांत मतभेद आहेत.

बाजाराबाहेरचा बाजार

बाजाराची सर्व संरक्षक व्यवस्था बाजाराच्या आत झालेल्या सौद्यापुरतीच असते, ही गोष्ट ग्रामीण भागात पुरेशी पोहोचलेली नाही. 'डब्बा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवहारात ग्राहकाची मागणी राष्ट्रीय बाजारापर्यंत जातच नाही. मध्यस्थ ती आपल्याच वहीत लिहून घेतो आणि पडद्यावरील भावावर हार-जीत ठरवितो. असा व्यवहार १९५६ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. त्यात पैसे बुडाले, तर समाशोधन महामंडळ, हमी निधी अथवा गुंतवणूकदार संरक्षण निधी यांपैकी कोणाकडेही दाद मागता येत नाही. मोबाइलवरील गटांतून बनावट उपयोजनाचा दुवा पाठवून, पडद्यावर खोटा नफा दाखवून, पैसे एखाद्या व्यक्तीच्या बँक खात्यात भरावयास लावणे, ही त्याचीच नवी आवृत्ती. महिन्याला ठरावीक टक्के देण्याचे वचन देणारा मनुष्य शेअर बाजारात पैसे गुंतवीत आहे, असे मानण्याचे कारण नाही. शेअर बाजारात ठरावीक असे काही नसते.

नोंदणीकृत दलालाच्या बाबतीतही सावधगिरी सुटलेली नाही. २०१९ मध्ये एका मोठ्या दलाली संस्थेने ग्राहकांचे शेअर आपल्या कर्जासाठी गहाण ठेवल्याचे उघडकीस आले. त्यानंतर २०२० मध्ये नियम बदलले. ग्राहकाचे शेअर तारण द्यावयाचे झाल्यास ते आता त्याच्याच डीमॅट खात्यात राहतात आणि तारणाची नोंद होण्यापूर्वी मोबाइलवर येणाऱ्या अंकाद्वारे त्याची संमती घ्यावी लागते. हा अंक दुसऱ्यास सांगणे म्हणजे घराची किल्ली देणे होय.

दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे सेबीच्या आणि बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सौदा खरोखर राष्ट्रीय बाजारात झाला का, हेही पावतीवरील क्रमांकावरून बाजाराच्या संकेतस्थळावर काही दिवस पडताळता येते. दिवसाच्या सौद्यांचा संदेश बाजाराकडून आणि शेअरांच्या हालचालीचा संदेश निक्षेपागाराकडून ग्राहकाच्या मोबाइलवर येतो; त्यासाठी खाते उघडताना क्रमांक स्वतःचा द्यावा, मध्यस्थाचा नव्हे. तक्रार असल्यास प्रथम दलालाकडे लेखी करावी. तिचे निवारण न झाल्यास सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार यंत्रणेकडे ती घरबसल्या नोंदविता येते आणि तिच्यावर २१ दिवसांत कार्यवाहीचा अहवाल देणे संबंधितांवर बंधनकारक आहे. तेवढ्यानेही समाधान झाले नाही, तर २०२३ पासून सुरू झालेल्या लवादाच्या मार्गाने जाता येते. त्यासाठी सौद्याच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि डीमॅट खात्याचे विवरण जपून ठेवलेले असावे लागते. मोंढ्यातील पट्टी हिशेब पुरा होईपर्यंत जपून ठेवतात, तसे.